यंत्राचे कान आणि आमचे

महसूल खात्यात 36 वर्षे इमानेइतबारे नोकरी करून, कनिष्ठ लिपिकापासून नायब तहसीलदारापर्यंतच्या पायऱ्या कोणाच्या डोळ्यांवर न येता चढून, नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झालेल्या मनुष्याने शिल्लक रजेच्या रोखीकरणाचे काय करावे, याविषयी आमच्या सांगलीत एक अलिखित शिरस्ता आहे. कोणी गावाकडच्या घराचे छप्पर बदलतो, कोणी चारधाम करून येतो, कोणी नातवाच्या नावे मुदतठेव ठेवतो. मी इलेक्ट्रिक गिटार घेतली. कॉलेजात असताना वसतिगृहातील एका सोबत्याच्या गिटारीवर तीन महिने बोटे सोलून घेतली होती, आणि पुढे सातबाऱ्याच्या उताऱ्यांनी त्या बोटांना निराळे वळण लावले, एवढाच काय तो माझा पूर्वेतिहास. गिटारीबरोबर दुकानातील तरुणाच्या आग्रहास बळी पडून मी आणखी एक वस्तू घेतली : दोन विटा शेजारी ठेवल्यास जेवढी जागा व्यापतील तेवढीच व्यापणारे एक काळे यंत्र, ज्याच्या पोटात, त्या तरुणाच्या जबानीप्रमाणे, शंभराहून अधिक अॅम्प्लिफायर मुक्कामास होते. ‘काका, आता तुम्हाला दुसरं काही लागणारच नाही,’ असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. पुढील चार महिन्यांत मला गिटारसुद्धा फारशी लागली नाही.

ज्यांना हा विषय अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडी कैफियत सादर करणे अगत्याचे आहे. इलेक्ट्रिक गिटार ही स्वभावतः अबोल वस्तू. तारेखालच्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात उमटणारा क्षीण विद्युत्प्रवाह मोठा करून कर्ण्यापर्यंत पोहोचवणारा अॅम्प्लिफायर नसेल, तर तिचा आवाज शेजारच्या खोलीत कोणी डाळ पाखडत असल्याइतकाच. जुने अॅम्प व्हॉल्व्हवर चालत, आणि व्हॉल्व्ह म्हणजे काय हे माझ्या पिढीस समजावून सांगावे लागत नाही. आमच्या वडिलांचा रेडिओ, ज्याचा परवाना पोस्टात जाऊन नूतन करावा लागे, तो बटण फिरवल्यावर मिनिटभर विचार करी, मग त्याचा हिरवा डोळा उघडे, आणि मग कोठे आकाशवाणी बोलू लागे. त्याच जातीच्या काचेच्या नळ्या गिटारीच्या अॅम्पमध्ये असत. त्या तापत, फुटत, महाग मिळत, आणि त्यांच्यासह कर्ण्यांचे ते पेटाऱ्यासारखे धूड हलवायचे तर दोन हमाल लागत. संगणकवाल्यांनी ही धुडे आकड्यांत उतरवली. 1998 साली ‘लाइन सिक्स’ या अमेरिकी कंपनीने लाल रंगाचा, राजम्याच्या दाण्याच्या घाटाचा ‘पॉड’ नावाचा डबा काढला, आणि हा प्रकार घरोघर पोहोचला.

यंत्राची कार्यपद्धती तलाठ्याच्या पीकपाहणीसारखी आहे. फरक इतकाच, की तलाठी हंगामात एकदा शिवारात जातो, अथवा निदान गेल्याची नोंद करतो, आणि हे यंत्र सेकंदाला 48,000 वेळा तारेच्या बांधावर जाऊन तिची त्या क्षणीची अवस्था आकड्यात टिपते. मग अमुक व्हॉल्व्हने अशा प्रसंगी काय केले असते याचे गणित मांडते, आणि निष्पन्न झालेला आकडा कर्ण्याकडे रवाना करते. या सर्व पत्रव्यवहारास सेकंदाचे काही सहस्रांश पुरतात. टपाल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना उभे आयुष्य पाहिलेल्या माझ्यासारख्यास या वेगाचे प्रथम आश्चर्य आणि नंतर संशय वाटला, हे येथे नमूद करतो.

आमच्या खात्यात अस्सल दस्तऐवज आणि त्याची नक्कल यांमध्ये मोठे अंतर मानतात, म्हणून यंत्रातील अॅम्पांची वारसनोंद तपासणे मला प्राप्तच होते. तीत निघाले ते असे. लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचे रेडिओदुरुस्ती करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार कधीच वाजवता आली नाही. त्यांनी बेस गिटारीसाठी ‘बेसमन’ नावाचा अॅम्प काढला. परंतु त्याच्या 1959 च्या आवृत्तीचा कब्जा साध्या गिटारवाल्यांनी घेतला आणि ‘कसेल त्याची जमीन’ या न्यायाने तो आजतागायत सोडलेला नाही. पुढे लंडनमध्ये वाद्यांचे दुकान चालवणारे जिम मार्शल, जे मूळचे ड्रम वाजवणारे आणि ड्रमचेच मास्तर, यांनी 1962 च्या सुमारास त्याच बेसमनबरहुकूम, विलायतेत मिळतील ते सुटे भाग घालून, आपला अॅम्प घडवला. म्हणजे ज्या अॅम्पची नक्कल माझ्या यंत्रात दाखल आहे तो स्वतःच एक नक्कल होता. आणि या नकलेच्या नकलेवर मी ‘खरी प्रत’ असा मनातल्या मनात शिक्का मारून रोज सायंकाळी तिच्यापुढे बसत असे.

त्यातही एक अडचण होती. यंत्र बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीचे नाव कायद्याच्या धाकाने उघड घेत नाही. ती ‘ब्रिट’ म्हणते, ‘ट्वीड’ म्हणते, सालाचा आकडा उलटसुलट करून लिहिते, आणि जाणत्याने काय ते जाणावे. आमच्या आईच्या पिढीतील बायका पतीचे नाव घेताना चांदीचे ताट, मोत्यांचा घाट करीत करीत शेवटी नावावर येत. या यंत्रातील शंभर उखाण्यांत शेवटचे नावच नाही.

आता मुद्द्याकडे, म्हणजे कानांकडे वळतो. रेडिओच्या गोल बटणांना आमच्या घरी कान म्हणत, आणि पिळण्याचा अधिकार फक्त वडिलांचा होता. माझ्या यंत्राला असे सहा कान बाहेर आहेत आणि पडद्याच्या आत किती आहेत याची शिरगणती अद्याप व्हायची आहे. पहिला कान गेन. नोकरीच्या सवयीने मी त्याचा अर्थ प्राप्ती असा घेतला, आणि प्राप्ती कोणी स्वखुशीने कमी करीत नाही, म्हणून तो दहावर नेऊन ठेवला. हा समज सर्वांचाच होतो असे मला मागाहून कळले. गेन म्हणजे आवाजाचा मोठेपणा नव्हे. तारेकडून आलेली लहर व्हॉल्व्हच्या तोंडात किती कोंबायची याचे ते प्रमाण आहे. व्हॉल्व्हची एक मर्यादा असते. तिच्या आत घातले तर तो ते निमूटपणे मोठे करून देतो, पण मर्यादेबाहेर कोंबले की लहरीचा माथा त्याच्या छताला लागून सपाट होतो, आणि त्या छाटलेल्या माथ्यातून मूळ स्वरात नसलेले कितीतरी उपस्वर उपजतात. यालाच विकृती, इंग्रजीत डिस्टॉर्शन, म्हणतात. ज्याने अॅम्प बनवला त्याच्या दृष्टीने हा दोष होता. ज्याने तो वाजवला त्याला त्याच दोषाने मोहिनी घातली.

या दोषाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे आणि त्यात शुचिर्भूत असे कोणीच नाही. 1951 साली मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या ध्वनिमुद्रणगृहात ‘रॉकेट 88’ हे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गिटारवाल्याचा अॅम्प वाटेतच जायबंदी होऊन आला होता. फाटक्या कर्ण्यात कागद कोंबून काम भागवले, आणि तो खरखरीत आवाज लोकांना आवडला. 1964 मध्ये ‘द किंक्स’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस या तरुणाने तर दाढीच्या पात्याने आपल्या छोट्या अॅम्पच्या कर्ण्याला स्वहस्ते चिरा दिल्या. अपघाताने आलेला दोष तेरा वर्षांत हेतुपुरस्सर गुन्ह्याच्या पदवीस पोहोचला. आणि आज? आज गणितज्ञ माणसे पगार घेऊन त्या चिरेची हुबेहूब आकडेमोड करीत बसतात, आणि सेवानिवृत्त नायब तहसीलदार ती रजेच्या रोखीकरणातून विकत घेतो.

मी यावर हसलो असतो. परंतु मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथे तंबोरे करणाऱ्यांच्या पिढ्यान्पिढ्या नांदल्या, आणि त्या कारागिरांचे सर्वांत अवघड काम भोपळा कोरण्याचे नव्हे, तर जवारी काढण्याचे. घोडीचा माथा असा घासायचा की तार तिच्यावर नीट टेकूही नये आणि सुटूही नये, निसटती घासत राहावी. मग वाजवणाऱ्याने तारेखाली सुताचा धागा सारून तो केसभर इकडेतिकडे करायचा, की नुसत्या टणत्काराच्या जागी तो मधमाश्यांच्या गुंजारवासारखा भरीव झंकार उमटतो. तार कशाला तरी लागून खरखरते, एवढेच त्यातले यंत्रशास्त्र. म्हणजे तोही दोषच. फक्त आपण त्याला इतकी शतके नमस्कार करीत आलो आहोत, की तो दोष असल्याचा कोणाला संशयही येत नाही. ही तुलना मला त्या वेळी सुचली नव्हती. सुचली असती तर गणेशोत्सवातील प्रसंग टळला असता.

गेननंतरचे तीन कान म्हणजे बेस, मिडल आणि ट्रेबल : खर्ज, मध्य आणि टीप. यांच्याविषयी मी जे शिकलो त्याने मला आमच्या खात्याची इतकी आठवण झाली, की डोळे पाणावले. जुन्या अॅम्पमधील हे स्वरनियमन करणारे मंडल निव्वळ रोध आणि धारित्र यांचे असते. त्यात व्हॉल्व्ह नसतो, म्हणून ते कशातही काडीची भर घालू शकत नाही. ते फक्त अडवू शकते. ट्रेबल दहावर नेला म्हणजे टीप वाढली असे आपणास वाटते. वस्तुतः टिपेच्या मार्गात जी आडकाठी होती तिच्यात थोडी सूट मिळालेली असते, आणि आपण त्या सवलतीस देणगी समजून कृतज्ञ होतो. ज्याने कधी शासकीय कचेरीतून एखादा दाखला वेळेवर मिळवला असेल, त्याला हे तत्त्व सोदाहरण सांगावयास नको. तिन्ही कान शून्यावर आणले तर कित्येक अॅम्पांतून अर्ज पुढे जातच नाही. सर्वत्र नीरव शांतता पसरते. शिवाय ही तिन्ही टेबले एकमेकांशी संगनमताने चालतात. ट्रेबल हलवला की मिडलचा रुबाब बदलतो, बेस वाढवला की मिडलला आपण दुर्लक्षित झाल्यासारखे वाटते, आणि एक प्रकरण मार्गी लावावे तर दुसरी दोन पुन्हा सुनावणीस उभी राहतात. आकड्यांच्या यंत्रात असे होण्याचे काहीच कारण नव्हते. गणितवाल्यांना तिन्ही टेबले स्वतंत्र करता आली असती. पण त्यांनी ते संगनमतही निष्ठेने उतरवून घेतले आहे, कारण गिऱ्हाइकाला तेच हवे असते.

व्हॉक्स नावाच्या विलायती अॅम्पला ‘कट’ म्हणून एक कान असतो, जो पुढे फिरवला असता टीप कमी होते. तोही या यंत्रात तसाच उलटा आहे. ‘प्रेझेन्स’ नावाचा कान पाहून मला हजेरीपत्रक आठवले, आणि तो वाढवल्यावर आवाज खरोखरच दाराशी येऊन ‘हजर’ म्हणतो. पडद्याच्या आतील एका दालनात ‘हम’ नावाची सोय आहे : जुन्या अॅम्पमध्ये विजेच्या प्रवाहामुळे जी नकोशी गुणगुण चाले, ती हवी असल्यास हवी तितकी मिळते. त्याच्या शेजारी ‘सॅग’. जोरात तार छेडली असता जुन्या अॅम्पच्या पोटातील व्होल्टेज क्षणभर खचे आणि स्वर दबकून मग फुगे. ते खचणे किती असावे हे ठरवण्याचा तो कान. एडी व्हॅन हेलन या अमेरिकी गिटारवाल्याने तर आपल्या अॅम्पला मिळणारे व्होल्टेज साधन लावून मुद्दाम उतरवले होते. उन्हाळ्यात सायंकाळी सात वाजता आमच्या गल्लीत हा परिणाम वर्षानुवर्षे विनामूल्य उपलब्ध होता, आणि मी त्याविरुद्ध तीन अर्ज दिलेले आहेत.

चार महिने मी हे कान पिळले. रात्री जेवणे झाली की शेजाऱ्यांच्या निद्रेचा मान राखून, आवाज मुंगीच्या पावलांइतका ठेवून बसायचे. एक झंकार, मग कान. पुन्हा तोच झंकार, पुन्हा कान. जमलेली मांडणी यंत्रात नावानिशी जतन करता येते, तेव्हा माझे दप्तर वाढू लागले : ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’, ‘अंतिम सुधारित फेरतपासणी’, ‘सोमवारचे बरे’. पुष्कळ अभ्यासान्ती एक सर्वोत्कृष्ट मांडणी सिद्ध झाली : गेन नऊ, बेस आठ, ट्रेबल आठ, मिडल एक. अहाहा! एकट्याने, खोलीत, हलक्या आवाजात ऐकावे तर काय तो भारदस्तपणा! गेन इतका चढला की हळू छेडा नाही तर जोरात, दोन्ही सारख्याच तोलाने बाहेर पडू लागले. गीतेत सांगितलेली समदृष्टी ती हीच, असे मला वाटले. माझी चुकलेली बोटेही त्या समदृष्टीत सामावून गेली.

आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी रहिवाशांचा वाद्यवृंद असतो. एक ढोलकी, एक कीबोर्ड, दोन गायिका, एक गायक आणि मी. यंत्राची तार मंडपातील मोठ्या कर्ण्यांना जोडली, आणि पहिल्या गाण्यास आरंभ झाला. पुढे जे घडले त्याचा पंचनामा थोडक्यात असा : खर्ज इतका गडगडला की गणपतीपुढील नारळ कलंडला, टीप डासांच्या थव्यासारखी पहिल्या रांगेच्या कानांत शिरली, आणि या दोहोंच्या मध्ये जेथे गिटार असावयास हवी होती, तेथे गिटार नव्हती. ढोलकी ऐकू येत होती, कीबोर्ड ऐकू येत होता, गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तिसरे गाणे संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष मंचाजवळ येऊन अत्यंत आदराने म्हणाले, ‘साहेब, तुम्ही केव्हा सुरू करणार?’

पुण्याच्या पुतण्यास त्याच रात्री दूरध्वनी केला. तो प्रथम हसला आणि मग त्याने मला शास्त्र सांगितले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी 1933 मध्येच दाखवून दिले होते, की मनुष्याचा कान सर्व स्वरांना सारखा न्याय देत नाही. आवाज हळू असता त्याला खर्ज आणि अतितार स्वर कमी ऐकू येतात, मधले तेवढे नीट पोहोचतात. आवाज वाढला की हा पक्षपात कमी होत जातो. सबब हलक्या आवाजात बसलेला मनुष्य दोन्ही टोके वाढवतो आणि मध्य कापतो, आणि तीच मांडणी मोठ्या कर्ण्यावर गेली की टोके दुप्पट वैराने उसळतात. ‘आणि काका,’ तो म्हणाला, ‘गिटारचा जीवच मिडलमध्ये असतो. तिची सगळ्यात जाडी तार साधारण 82 हर्ट्झला वाजते आणि वरचे स्वर हजारच्या आसपास संपतात. तुम्ही तिलाच घराबाहेर काढलंत.’ म्हणजे 36 वर्षे लोकांच्या जमिनींचे कब्जे सांभाळलेल्या मी घरच्या कुळाला विनानोटीस बेदखल केले होते. यंत्राचे कान मी चार महिने पिळले. स्वतःच्या कानांची चौकशी लावण्याचे मला सुचले नव्हते.

शास्त्र समजले, तरी हात सुधारला नाही. मिडल वाढवला तर आवाज नाकातून येऊ लागला, गेनला मी सातच्या खाली येऊ देईना, आणि दोन्ही गायिकांनी मला पुढील वर्षी टाळ वाजवण्याविषयी सुचवून पाहिले. अशा अवस्थेत एका रविवारी दुपारी आमच्या सौभाग्यवती, ज्यांनी लग्नापूर्वी मिरजेस किराणा घराण्याच्या एका बाईंकडे नऊ वर्षे तालीम घेतली होती आणि लग्नानंतर ज्यांचा तंबोरा गवसणीतून वर्षातून दोनदाच बाहेर येई, त्या निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून आल्या.

‘अहो, किती उघडी जवारी ठेवलीय ही! यात सूर कुठाय?’

मी म्हटले, याला जवारी म्हणत नाहीत, गेन म्हणतात. त्या म्हणाल्या, ‘असेल. कमी करा.’ मी साडेसहावर आणला. ‘अजून.’ पाचवर आणला. ‘अजून. भिताय कशाला?’ चारच्या खाली माझी बोटे उघडी पडू लागली. जे स्वर गेनच्या पांघरुणाखाली सुखाने झोपले होते त्यांतला एकेक उठून बसला आणि बेसूर असल्याचे कबूल करू लागला. त्यांनी डोळे मिटले होते. पडद्यावरील सुंदर रंगीत आलेखाकडे, ज्यासाठी मी दोन चष्मे बदलले, त्यांनी एकदाही पाहिले नाही.

‘आता तो मघाचा मोठा झंकार लावा. हं. यात सा आणि प आहे तोवर बरं वाटतं, बघा. गंधार लागला की गढूळ होतं.’

हे ऐकून मी थक्क झालो, कारण पुतण्याने जे पुस्तकी भाषेत सांगितले होते ते हेच : विकृत केलेल्या आवाजात षड्ज-पंचमाची जोडी खणखणीत उभी राहते, म्हणूनच रॉक संगीतातील गिटारवाले तिच्यावरच निर्वाह करतात, तिच्यात तिसरा स्वर मिसळला की स्वरास्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नको ते स्वर उपजतात आणि गलबला होतो. सौभाग्यवतींना यातील एकही शब्द ठाऊक नव्हता. त्यांना एवढेच ठाऊक होते, की तंबोरा नीट लागला तर कोणी न छेडलेला गंधार खर्जाच्या तारेतून आपला आपण ऐकू येतो, आणि जवारी फार उघडली तर तो येत नाही. मिडलचा कान त्यांनी स्वतः फिरवला, थोडा पुढे, थोडा मागे, जसा तारेखाली धागा सारतात तसा. त्यानंतर त्या मेथीकडे परत गेल्या. एकूण वेळ अकरा मिनिटे.

सध्याची नोंद पुढीलप्रमाणे आहे : गेन साडेतीन, बेस चार, मिडल सात, ट्रेबल पाच, हजेरी दोन, गुणगुण बंद. बाकीच्या 41 मांडण्या मी गेल्या आठवड्यात रद्द केल्या. फक्त ‘सोमवारचे बरे’ ठेवली आहे, कारण ती बरी होती. तंबोरा आता गवसणीबाहेर असतो. दुपारी आमच्याकडे येणाऱ्या स्नेह्यांना एवढीच विनंती, की चहा होईपर्यंत वेळ घालवण्यासाठी त्यांनी यंत्राच्या कानांना हात लावू नये.